राहणार

दोषारोपपत्रात तिसऱ्या ओळीवर टाइप केलं होतं :
गंभीर बाज्या भिल, वय अंदाजे चाळीस,
धंदा नाही, राहणार फिरस्ता.

चोपड्याच्या कोर्टात पुकारा झाला
तेव्हा तो व्हरांड्यातल्या माठाशी बोलत होता.
शिपायाने दंड धरला.
मी म्हटलं, सोडा, मी आणते.
चार वर्षांत एवढंच शिकले आहे :
हात पुढे करायचा, धरायचा नाही.

गुन्हा : तेरा कुलपं.
बाजारपेठेतल्या बंद शटरांची, एका रात्रीत, एका सळईने.
आतलं काहीच गेलं नाही,
किराण्यातला गूळसुद्धा.
सोनाराचं शटर त्याने हातभर वर केलं,
आत वाकून हाक मारली
आणि पुढच्या दुकानाकडे गेला.

"कशाला तोडली?" साहेबांनी विचारलं.
"मझार मानूस शे, साहेब. आवाज देस."

मागच्या बाकांवर हसू फुटलं.
सरकारी वकील उठले, म्हणाले, गुन्हा तसा गंभीर नाही,
आणि आपल्याच शब्दावर अडखळले.
साहेब हसले नाहीत.
पेन बंद करून त्यांनी बराच वेळ
त्याच्या पायांकडे पाहिलं.
एका पायात चप्पल होती.

अकरा तारखा लागल्या.
जळगावच्या सिव्हिलला जाताना एसटीत तो खिडकीशी बसायचा,
केळीच्या बागा मोजायचा,
सत्ताविसाव्यानंतर पुन्हा एकपासून.
इंजेक्शन, कागद, सही, शिक्का, पुन्हा कागद.
शेवटी आदेश निघाला : खटला तूर्त बाजूला,
उपचार चालू ठेवावेत,
निवासाची व्यवस्था संस्थेने करावी.

निवास.
टायपिस्टला हा शब्द उमटवायला एक सेकंद लागतो.
मला सात घरमालक लागले.
एकाने डिपॉझिट तिप्पट सांगितलं.
एकाने चहा पाजला, आणि म्हणाला,
ताई, तुम्ही चांगल्या घरच्या दिसता.
सातव्या लीलाबाई बडगुजर.
लसूण सोलता सोलता म्हणाल्या,
माझा दीर गोठ्यात गेला, साखळीला. सोळा वर्षं.
भाडं पाच तारखेच्या आत द्यायचं.

त्या घरात आता चौघं आहेत. पाच होते.
युनूस तडवी एका पहाटे दूध आणायला गेला
तो अजून परतला नाही.
वार्षिक अहवालात मी लिहिलं : स्थलांतर.
त्या शब्दावर अजून माझं बोट थांबतं.

गंभीरला दार सोसत नव्हतं.
पहिले दोन महिने आम्ही त्याच्या खोलीचं दारच काढून ठेवलं,
लीलाबाईंच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला.
रात्री तो उठून बाकीच्यांच्या कड्या तपासायचा.
कडी आतून आहे ना, बाहेरून नाही ना.
मग गोळ्या, मग झोप, मग एका रविवारी
वरण-बट्टीच्या ताटावरून त्याने मान वर केली :
"माले एक कुलूप जोयजे."

माझा घास तसाच राहिला.
गोणीतली तेरा आठवली, त्या बाकांवरचं हसू आठवलं.
"कसाले?" मी विचारलं.
त्याने उत्तर दिलं नाही. उलट विचारलं,
"चावी कोनाजोडे ऱ्हाई?"
मी म्हटलं, तुनाजोडे.

दार परत बसवलं. सुतार तीनदा आला.
आता केळीच्या पेट्या भरायला जाताना
तो आधी खोलीत डोकावतो, विचारतो, कोनी शे का?
थोडं थांबतो.
कधी कधी बराच वेळ थांबतो,
त्या दिवशी मी कामावर सांगते, उशीर होईल.
मग कुलूप लावतो.

परवा तारीख होती.
नव्या कारकुनाने मान खाली घालूनच विचारलं,
राहणार?
गंभीरने खिशात हात घातला
आणि किल्ली टेबलावर ठेवली.
कारकून किल्लीकडे पाहत राहिला,
मग माझ्याकडे,
मग त्या रिकाम्या रकान्याकडे.